वडील किल्ल्यावर कैदेत आणि नायिका शेळ्या शोधतेय: साईड क्वेस्ट कुठे फसतात

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुझ्या आरपीजीत, म्हणजे खेळाडू एक पात्र होऊन खेळतो त्या गेममध्ये, नायिकेच्या वडिलांना किल्लेदार पकडून नेतो, पहिल्याच सीनमध्ये शिपाई सांगतो की अमावास्येला फाशी, आणि त्यानंतर खेळाडू निवांत गावोगाव साईड क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथेबाहेरची छोटी कामं, करत फिरतो. म्हातारीच्या हरवलेल्या शेळ्या, कोळ्याचं चोरलेलं जाळं, देवळातली गायब झालेली घंटा. गेम खेळून बघणाऱ्या एका मित्राने तुला सांगितलं की हिचा बाप मरायला टेकलाय आणि ही शेळ्या शोधतेय, मला ही मुलगी आवडेनाशी झाली. आणि तू विचारतोयस की साईड क्वेस्ट कमी करू, की त्यांची बक्षिसं वाढवू.

दोन्ही नको. मी बरीच वर्षं क्वेस्ट लिहायचं आणि दुसऱ्यांचे लिहिलेले क्वेस्ट दुरुस्त करायचं काम करते, आणि ही तक्रार आली की जवळजवळ प्रत्येक टीम शेळ्यांकडे बघते. खरी गडबड त्या शिपायाच्या वाक्यात आहे. तू नायिकेला एक कारण दिलंस आणि त्या कारणाला तारीख लावलीस, आणि मग गेममध्ये ती तारीख कधी येतच नाही कारण आत घड्याळच नाहीये. खेळाडूला हे तासाभरात कळतं. कळलं की तो घाई करायचं सोडतो, पण नायिकेचे डायलॉग मात्र घाईचेच राहतात, आणि मग समोर दोन वेगळ्या बायका दिसायला लागतात, एक कटसीनमध्ये (आपोआप चालणाऱ्या प्रसंगात) रडणारी आणि एक शेळ्यांमागे धावणारी. तुझ्या मित्राला जी आवडेनाशी झाली ती ह्या दोघींमधली फट आहे.

(पुढे बऱ्याच गेम्सचे स्पॉयलर येणार आहेत, आधीच सांगून ठेवते.)

आता मुळात साईड क्वेस्टला काय लागतं? एका प्रश्नाचं उत्तर. हा माणूस, आज, ह्या कामासाठी का थांबला? खेळाडू का थांबला हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर सोपं असतं, एक्सपी (अनुभवाचे गुण) पाहिजे, चांगली तलवार पाहिजे, नकाशावरचं चिन्ह पुसायचंय. खेळाडूचं कारण तू सिस्टिममधून देतोस. कॅरॅक्टरचं कारण मात्र लिहूनच द्यावं लागतं, आणि बक्षीस वाढवलं की फक्त पहिलं कारण मोठं होतं, दुसरं आहे तिथेच राहतं, म्हणून बक्षीस वाढवून तुझा प्रश्न सुटणार नाही, उलट फट रुंदावेल.

मला ह्या बाबतीत अजूनही सगळ्यात हुशार वाटणारी रचना २००० सालच्या बाल्डर्स गेट २ ची आहे. इमोएनला, म्हणजे नायकाच्या लहानपणापासूनच्या सोबतिणीला, जादूगार पकडून नेतात. ती कुठे आहे माहीत नाही. अथकाट्ला शहराच्या झोपडपट्टीत गेलन बेल नावाचा माणूस भेटतो आणि सांगतो की माझ्या ओळखीचे लोक तिला शोधू शकतात, २०,००० सोन्याची नाणी लागतील. बास. एवढ्या एका आकड्याने अख्खं शहर उघडतं. तुझ्याकडे तेवढे पैसे नाहीत, शहरात कामं भरपूर आहेत, प्रत्येक कामाचे पैसे मिळतात, आणि प्रत्येक वेळी पिशवीत नाणी पडली की तू इमोएनच्या जवळ सरकतोस. सर्कशीतला गोंधळ निस्तर, कोणाचा वाडा राक्षसांच्या ताब्यातून सोडव, काहीही कर, कॅरॅक्टरला कारण शोधायला जावं लागत नाही. आणि पुढे तोच माणूस १५,००० वर राजी होतो, म्हणजे लिहिणाऱ्यांना माहीत होतं की ही रक्कम खेळाडूच्या अंगावर येईल. बघ, इमोएनची काळजी तितकीच आहे, घाईही आहे, पण त्या घाईचं तोंड साईड क्वेस्टकडेच वळवलंय. हे एका संवादात झालं, त्याला वेगळी सिस्टिम लागली नाही.

म्हणजे मी तुला जे सांगतेय ते हे: घाई काढू नकोस, घाईची जात बदल. "अमावास्येच्या आत पोच" ही घाई बाजूच्या प्रत्येक कामाला शत्रू बनवते. "इतके पैसे जमव", "आत घेऊन जाणारा माणूस शोध", "किल्लेदाराच्या विरोधात साक्ष देणारी चार माणसं मिळव" ही घाई तितकीच जीव तोडून करायची असते पण ती रस्त्यातल्या माणसांमधूनच पुरी होते. घरात कोणी आजारी असेल तरी आपण बाहेर पडतोच, फक्त पावलं आधी औषधाच्या दुकानाकडे वळतात. तुझ्या नायिकेची पावलं कुठे वळतात ते ठरव.

फॉलआउट मालिकेत ह्या दोन्ही जाती शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. फॉलआउट ४ (२०१५) मध्ये तुझ्या डोळ्यांसमोर जोडीदाराला गोळी घालतात आणि तान्ह्या बाळाला, शॉनला, उचलून नेतात. तू गोठलेल्या झोपेतून उठतोस आणि तुझ्या लेखी ते आत्ताच घडलंय. ह्याहून तापलेलं कारण आई-बापाला देता येणार नाही. आणि मग गेम तुला भिंती उभारायला, भोपळे लावायला, आणखी एका वस्तीला मदत करायला पाठवतो. वस्त्या बांधायचा भाग स्वतःपुरता छान आहे, लोक त्यात शेकडो तास रमतात, पण शॉनचा बाप किंवा आई म्हणून ते करताना आतून काहीतरी ओढ लागत राहते. आता न्यू व्हेगास (२०१०) बघ. तू पार्सल पोचवणारा कुरिअर. बेनी नावाचा माणूस तुझ्या डोक्यात गोळी घालून तुझ्याकडची प्लॅटिनम चिप पळवतो, तू गुडस्प्रिंग्समध्ये डॉक्टरच्या घरी जागा होतोस. कारण आहे सुडाचं, किंवा नुसत्या कुतूहलाचं, किंवा राहिलेलं डिलिव्हरीचं काम पुरं करायचं, ते तू ठरव. पण सूड शिळा होत नाही. बेनीला आज गाठलं काय आणि महिन्याने काय. शिवाय त्याचा माग काढायचा तर गावागावात विचारतच जावं लागतं, प्रिम, निप्टन, नोव्हॅक, आणि उत्तरेच्या जवळच्या वाटेवर डेथक्लॉ आणि काझाडोर असे जीवघेणे प्राणी बसवून ठेवलेत म्हणून नवखा खेळाडू वळसा घालून ह्याच गावांमधून जातो. कारणाचा आकार आणि नकाशाचा आकार एकच आहे. असं जुळलं की खेळाडूला साईड आणि मेन ह्यातली रेघ जाणवतसुद्धा नाही.

नोव्हॅकवरून बूनचा क्वेस्ट आठवला आणि तो सविस्तर सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण क्वेस्ट देणाऱ्या माणसाचं कारण कसं लिहावं ह्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सुचत नाही. आपण सगळे नायकाच्या कारणात एवढे अडकतो की समोरच्या एनपीसीला, म्हणजे गेमच चालवतो त्या पात्राला, कारण लागतं हेच विसरतो. प्रत्येक क्वेस्ट देणाऱ्याला मी तीन गोष्टी विचारते: तू हे स्वतः का करत नाहीस, ओळखीच्या माणसाला का सांगत नाहीस, आणि ह्या अनोळखी वाटसरूलाच का सांगतोयस. बून हा माजी स्नायपर, गावातल्या त्या डायनोसॉरच्या पुतळ्याच्या तोंडात बसून रात्री पहारा देतो. त्याच्या बायकोला कोणीतरी लीजन नावाच्या फौजेच्या गुलामांच्या बाजारात विकलं. विकणारा गावातलाच आहे हे त्याला माहीत आहे, कोण ते माहीत नाही. म्हणून तो गावात कोणाला विचारू शकत नाही. कोणावरही भरवसा नाही, म्हणजे ज्याच्यावर भरवसा ठेवता येईल असा एकच माणूस उरतो, जो तेव्हा इथे नव्हताच. तू. एरवी "अहो अनोळखी पाहुणे, जरा मदत करा ना" हे आरपीजीतलं सगळ्यात खोटं वाटणारं वाक्य असतं, इथे अनोळखी असणं हीच पात्रता झाली. मग तो आपली टोपी देतो, गुन्हेगार सापडला की त्याला पुतळ्यासमोर घेऊन ये आणि टोपी डोक्यावर घाल, पुढचं मी बघतो. तू शोधत जातोस, मोटेलच्या मालकिणीच्या तिजोरीत विक्रीची पावती सापडते, त्या कागदावर पोटातल्या बाळाची किंमत वेगळी लावलेली असते. आणि मग त्या बाईला गोड बोलून रात्री बाहेर घेऊन यायचं काम तुझं.

कुरिअर हे का करेल? लेखकाने उत्तर एकच दिलेलं नाही, पण जागा ठेवली. तू निप्टनवरून आला असशील तर लीजनने तिथे काय केलं ते तू पाहिलंयस. तुला सोबती पाहिजे असेल तर बून त्यानंतर सोबत येतो. आणि पुढे मेन क्वेस्टमध्ये लीजनशी काय वागायचं हे ठरवायची वेळ येते तेव्हा तो कागद तुझ्या डोक्यात असतो. म्हणजे साईड क्वेस्टने मेन क्वेस्टला वस्तू पुरवली नाही, मत पुरवलं. हे मला वस्तूपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

आता कारण कुठून कुठून आणता येतं ते बघू, आणि ह्यातलं तुझ्या गेमला काय लागू पडतं तेही.

पेशा. हे सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ. विचर ३ (२०१५, वॉर्साच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा) मधला गेराल्ट मुलीसारख्या वाढवलेल्या सिरीला शोधतोय, वाइल्ड हंट ही भुतासारख्या स्वारांची टोळी तिच्या मागावर आहे, म्हणजे घाई खरं तर भयंकर आहे. तरी गावातल्या फळ्यावरची नोटीस वाचून तो राक्षस मारायला गेला तर खटकत नाही कारण राक्षस मारून पोट भरणं हेच त्याचं आयुष्य, त्यावरच तो जेवतो, आणि गेम तुला मजुरीसाठी घासाघीस पण करायला लावतो. ती घासाघीस छोटी गोष्ट वाटते पण तीच दर वेळी आठवण करून देते की हा समाजसेवा करत नाहीये, कामावर आहे. शिवाय त्याला सिरीची खबर देऊ शकणारा प्रत्येक माणूस आधी स्वतःचं काहीतरी मागतो. वेलेनमधल्या ब्लडी बॅरनला स्वतःची बायको आणि मुलगी सापडत नाहीयेत, तो म्हणतो त्यांना शोध, मग सिरीचं सांगतो. एक बाप दुसऱ्याला, जो बापासारखाच आहे, अडवून धरतोय. खेळाडू ह्याला अडथळा म्हणू शकला असता पण कोणी म्हणत नाही, कारण अडथळ्याचा विषय आणि मुख्य शोधाचा विषय एकच आहे, आणि बॅरनने घरात जे केलंय ते कळत जातं तसं गेराल्ट स्वतः कसला बाप आहे हाही प्रश्न वर येतो. त्याच भागातला टेकडीवरच्या झाडातल्या आत्म्याचा क्वेस्ट तर अजून पुढे जातो. त्या आत्म्याला सोडलंस की मारलंस ह्यावर दलदलीतली अनाथ मुलं वाचतात की नाही आणि बॅरनच्या बायकोचं आणि त्याचं स्वतःचं काय होतं हे ठरतं. तिथे पुस्तकी बरोबर उत्तर नाही. माझ्या मते मात्र विचर ३ सुद्धा सगळीकडे सावरत नाही, ग्वेंटच्या पत्त्यांच्या स्पर्धा मला आवडतात पण सिरीच्या शोधात असलेला माणूस त्या का खेळतोय ह्याचं उत्तर गेमकडे नाही, तिथे खेळाडूच्या मजेने कॅरॅक्टरला गप्प बसवलंय.

स्वभाव. याकुझा: लाईक अ ड्रॅगन मधला इचिबान कासुगा दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा भोगून १८ वर्षांनी तुरुंगातून सुटतो, आणि तो लहानपणापासून ड्रॅगन क्वेस्ट ह्या गेमचा वेडा आहे, स्वतःला नायक समजतो, रस्त्यात कोणी रडताना दिसलं की थांबतो. असा माणूस शेळ्या शोधेलच, नाही शोधल्या तर खटकेल. तुझी नायिका अशी आहे का? असेल तर ते पहिल्या दहा मिनिटांत, वडिलांना पकडायच्या आधी, दाखवावं लागेल. नंतर दाखवलंस तर सबब वाटेल.

पोकळी. डिस्को एलिझियम (२०१९) मधल्या डिटेक्टिव्हला काहीच आठवत नाही, स्वतःचं नावसुद्धा नाही. अशा माणसाला कुठलंही काम बाजूचं नसतं कारण प्रत्येक कामात तो कोण आहे ह्याचा तुकडा सापडू शकतो. पुस्तकाच्या दुकानाबाहेर उभी असलेली बाई नवरा घरी आला नाही म्हणते, पुढे किनाऱ्यावरच्या लाकडी रस्त्यावर एक प्रेत सापडतं, आणि पोलीस म्हणून तुलाच जाऊन तिला सांगावं लागतं. खुनाच्या मुख्य तपासाशी ह्याचा संबंध नाही. तरी तो प्रसंग काढला तर गेम अर्धा होईल, कारण हा दारूडा माणूस अजून पोलीस आहे का ह्याची परीक्षा तिथे आहे. आणि दुसरीकडे, कोणी कधी न पाहिलेला काडीसारखा किडा शोधणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचं काम, जे पहिल्यांदा ऐकताना वेळकाढूपणा वाटतं, ते शेवटी बेटावर ज्या तऱ्हेने समोर येतं ते मी इथे लिहीत नाही, स्वतः खेळ.

पोकळी असलेलं कॅरॅक्टर लिहायचा मोह होईल, तुझ्या गेममध्ये करू नकोस. तुझी नायिका कोण आहे हे पहिल्याच सीनमध्ये ठरलंय, ती कुणाची तरी मुलगी आहे.

मुभा. ही चौथी वाट फार कमी लोक वापरतात म्हणून सांगते. मॉरोविंडमध्ये (२००२) तू पहिल्यांदा कायस कोसाडिसला भेटतोस तेव्हा तो मेन क्वेस्ट देणारा माणूसच सांगतो की तू अजून कच्चा आहेस, लोकांच्या नजरेत येशील, एखाद्या गिल्डमध्ये भरती हो, चार कामं कर, अनुभव घे, आणि हातावर २०० नाणी ठेवतो. म्हणजे साईड क्वेस्ट करणं हा हुकूमच झाला. तुझ्याकडे गावात नायिकेची आत्या आहे ना, जी पहिल्या गावात जेवायला वाढते? तिच्या तोंडी हे घाल. "आत्ता गेलीस तर दोन दिवसांत तूही तिथेच असशील, बाबांच्या शेजारच्या कोठडीत" एवढं बोलली तरी पुरे. घाई तिच्या मनात राहील, पण मोठ्या माणसाने वेळ काढायची परवानगी दिलेली असेल.

आता घड्याळाबद्दल, कारण तू म्हणशील मला अमावास्याच पाहिजे, त्यातच गेमची भीती आहे. ठीक आहे, मग ते घड्याळ खरं कर. पहिल्या फॉलआउटमध्ये (१९९७) व्हॉल्टचं, म्हणजे लोक राहतात त्या जमिनीखालच्या निवाऱ्याचं, पाणी संपत आलेलं असतं आणि वॉटर चिप (पाण्याच्या यंत्राचा भाग) आणायला १५० दिवस मिळतात. ते खरोखर मोजले जातात. हब शहरातल्या पाणी विकणाऱ्यांना पैसे देऊन व्हॉल्टकडे तांडा पाठवला तर १०० दिवस वाढवून मिळतात. अशा गेममध्ये साईड क्वेस्ट घेताना पोटात गोळा येतो कारण त्याची किंमत दिवसांत मोजायची असते, आणि म्हणूनच तो घेतलास तर तुझ्या कॅरॅक्टरबद्दल खरं काहीतरी ठरतं. मजोराज मास्क (२०००) तर ह्याच्याही पुढचा, तीन दिवसांत चंद्र पडणार, तू काळ मागे नेऊन तेच तीन दिवस पुन्हा जगतोस, आणि त्यामुळे गावातल्या माणसांच्या छोट्या कामांचं वेळापत्रक हाच गेमचा जीव होतो. पण खरं घड्याळ बांधणं महाग असतं, प्रत्येक क्वेस्ट उशिरा केला तर काय, अर्धवट सोडला तर काय, हे सगळं लिहावं आणि तपासावं लागतं, आणि तुमची टीम दोघांची आहे. पूर्ण गेमला घड्याळ लावायच्या भानगडीत पडू नका.

त्यापेक्षा बाल्डर्स गेट ३ (२०२३) मधून एक चांगली आणि एक वाईट गोष्ट शिक. वाईट आधी. सुरुवातीलाच तुझ्या मेंदूत अळी सोडलेली असते आणि सगळे ओरडत असतात की थोड्याच दिवसांत तू माईंड फ्लेयर नावाचा राक्षस होणार. प्रत्यक्षात विश्रांती घेतल्याने तसं काही होत नाही. पण कित्येक खेळाडू घाबरून रात्रीचा मुक्कामच टाळतात, आणि कम्पॅनियन लोकांचे, म्हणजे सोबत्यांचे, सगळ्यात चांगले सीन, अॅस्टेरियनचं, शॅडोहार्टचं, कार्लॅकचं मन उघडणं, हे त्या मुक्कामावरच घडतं. म्हणजे खोट्या घाईने लेखकांनी स्वतःच लिहिलेल्या उत्तम गोष्टी खेळाडूपासून लपवल्या. चांगली गोष्ट अशी की काही ठिकाणी छोटी, स्थानिक घड्याळं खरी आहेत. जळणाऱ्या खाणावळीपाशी पोचून तू झोपायला गेलास तर आत अडकलेले लोक वाचत नाहीत. दरडीमागे विषारी वायूत अडकलेला नीअर तू मुक्कामावर मुक्काम केलेस तर मरतो. असं एकदा घडलं की खेळाडू पुढे प्रत्येक घाईच्या वाक्यावर विश्वास ठेवतो. तुझ्या गेममध्ये असं एकच खरं घड्याळ ठेव, कोळ्याच्या जाळ्याच्या क्वेस्टमध्ये ठेव, वादळ येणारे आणि त्याचा मुलगा समुद्रात आहे, तू दुसरीकडे गेलास तर परत आल्यावर घराला कुलूप. आणि फाशीची तारीख मोघम कर. "पावसाळा सरला की किल्लेदार न्यायाला बसतो." गेममध्ये पाऊस तुझ्या मेन क्वेस्टच्या टप्प्यांवर थांबतो, दिवसांवर नाही, आणि खेळाडूला आकाशाकडे बघून कळतं की आता फार उरलं नाही.

मास इफेक्ट २ (२०१०) ने हे दोन्ही एकत्र फार नेटकं केलंय. मोहीम अशी आहे की जिवंत परत यायची खात्री नाही, म्हणून आधी सोबत्यांचं मन मोकळं करून घ्यायचं, प्रत्येकाचं एक अर्धवट राहिलेलं काम, गॅरसचा सूड, टालीवरचा खटला, थेनचा मुलगा. ज्याचं काम तू केलं नाहीस तो शेवटच्या मोहिमेत मरायची शक्यता वाढते. म्हणजे शेपर्डला, तू खेळतोस त्या कॅरॅक्टरला, थांबायचं कारण आहे, आणि ते कारण युद्धाचंच आहे. आणि एका टप्प्यावर जहाजावरच्या लोकांना पळवून नेतात, तिथून पुढे मात्र घाई खरी होते. लगेच गेलास तर सगळे वाचतात, थोडं रेंगाळलास तर निम्मे गेलेले, फार रेंगाळलास तर फक्त डॉक्टर उरते. आधी निवांत वेळ, मग खरी घाई. हा क्रम तू उचल.

एक गोष्ट मात्र जपून. हे सगळं वाचून तू प्रत्येक साईड क्वेस्टमधून वडिलांच्या सुटकेची एखादी किल्ली काढायला लागशील. तसं केलंस तर गावातला प्रत्येक माणूस नायिकेच्या सोयीसाठी जन्माला आलाय असं वाटेल. काही क्वेस्टमधून पैसे मिळूदेत, काहींतून माहिती, एखाद-दोन मात्र असे ठेव की ज्यातून काहीच मिळत नाही आणि ती ते तरीही करते, आणि का करते हे तिने मोठ्याने बोलू नये. सायबरपंक २०७७ (२०२०) मध्ये डोक्यातल्या चिपमुळे नायक व्ही हळूहळू मरतोय, आणि पॅनम किंवा जूडीची कामं सुरुवातीला नुसती ओळखीची कामं वाटतात, पण मरणाऱ्या माणसाला माणसं जोडावीशी वाटणं ह्याहून साधं कारण काय असणार. पॅनमसोबत टिकून राहिलास तर शेवटाचा एक वेगळा रस्ताही उघडतो, पण ते करताना तुला ते माहीत नसतं, म्हणून ते सौदा वाटत नाही.

आणि हाही पर्याय आहे की साईड क्वेस्ट ठेवूच नयेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या राजी (२०२०) मध्ये धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि राजी त्याच्या मागे सरळ निघते. ती अॅक्शन-अॅडव्हेंचर आहे, आरपीजी नाही, पण बहिणीचं कारण इतकं धगधगीत असल्यावर तिला कुठे थांबवलं नाही हा निर्णय मला पटतो. तुझ्या गेममध्ये गावं आणि माणसं हाच चांगला भाग आहे, तुझ्या वर्णनावरून तरी, म्हणून मी तुला ते सुचवत नाहीये.

आता तुझे तीन क्वेस्ट.

शेळ्या. म्हातारी स्वतः का जात नाही ह्याचं उत्तर सोपं आहे, गुडघे. गावातला दुसरा कोणी का जात नाही? कारण शेळ्या किल्ल्याच्या मागच्या उतारावर गेल्यात आणि तिथे चरायला बंदी आहे, सापडला तर फटके. नायिका का जाईल? कारण तिला तो उतार बघायचाच आहे. म्हातारीला हे कळलेलं असूदे, तिने ते बोलून दाखवूदे, "तुला तिकडे जायला निमित्त पाहिजे, मला शेळ्या पाहिजेत." एवढ्याने तोच क्वेस्ट, त्याच शेळ्या, तोच कोड, आणि तुझ्या मित्राची तक्रार संपते. नंतर शिपायाने हटकलं तर "शेळ्या शोधतेय" हा डायलॉग तिच्या कामी येईल.

जाळ्याचं वर सांगितलं. त्यात अजून एक, नायिकेला नाही म्हणायची सोय दे. नुसतं "नंतर येते" बटण नको, खराखुरा नकार पाहिजे. "माझे बाबा आत आहेत काका, मला नाही थांबता येणार." आणि कोळ्याने ते समजून घ्यावं, रागवू नये. ज्या गेममध्ये नकार देता येतो तिथे होकाराला वजन येतं.

घंटा. तो क्वेस्ट आत्ता जसा आहे तसा मला कोणाच्याच कारणात बसवता आला नाही. पुजाऱ्याला घंटा पाहिजे कारण देवळाला घंटा असते, चोराने चोरली कारण क्वेस्टला चोर लागतो, आणि नायिका आणते कारण बक्षीस ढाल आहे. चोर बदल. घंटा नायिकेच्या वडिलांनीच, पकडले जायच्या आदल्या रात्री, काढून लपवली असेल तर? गावाला इशारा द्यायला ती वाजवायची होती, त्यांनी ती वाजवू दिली नाही. का, ते तू ठरव. पण मग ती जे शोधतेय ते सापडलंच तर तिला नको असलेलं काहीतरी वडिलांबद्दल कळेल, आणि त्यानंतर किल्ल्याकडे जाताना तिचं कारण पहिल्या दिवशी होतं तेच राहणार नाही.

आणि जर्नल, म्हणजे क्वेस्टची नोंदवही. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतंय की "३ शेळ्या शोधा, म्हातारीला परत करा" असं लिहून येतं. खाली आकडा राहूदे, वर दोन ओळी नायिकेच्या बोलीत लिही. विचर ३ मध्ये जर्नल गेराल्टच्या कवी मित्राच्या, डँडेलियनच्या, तोंडून येतं आणि त्यामुळे कंटाळवाण्या कामालाही एक माणूस चिकटलेला राहतो. ह्याला आवाज रेकॉर्ड करावा लागत नाही, अॅनिमेशन लागत नाही, एका संध्याकाळचं काम आहे. पुढच्या वेळी टेस्ट करताना मित्राला गेम आवडला का असं विचारू नकोस. तो उतारावर शेळ्यांमागे असताना मध्येच थांबव आणि विचार, ही आत्ता इथे का आलीये. त्याने "एक्सपीसाठी" म्हटलं तर तो सीन परत लिही, "किल्ला बघायला" म्हटलं तर घंटेचं काम हातात घे.